चिंचेत पडलेली चिंचपेटी

चिंचपेटीचा चिंचेशी काहीएक संबंध नाही. हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं आहे की आता ते भिंतीवर रंगवून घ्यायचं तेवढं राहिलंय. चिंचपेटी म्हणजे गळ्याला घट्ट बसणारा मोत्यांचा दागिना. सोन्याच्या चौकटीत मोत्यांच्या ओळी, मध्ये लाल खडा, अशा छोट्या छोट्या पेट्या एकमेकींना जोडलेल्या आणि मागे बांधायला रेशमाचा गोंडा. तिला हे नाव कुणी दिलं आणि का दिलं ते मला ठाऊक नाही. पण ज्याने दिलं त्याला माझ्या नवऱ्याची कल्पना नव्हती, एवढं नक्की.

आम्ही नगर जिल्ह्यातल्या कर्जतला राहतो. मी शाळेत शिकवते. नवरा साखर कारखान्यात होता. उभी नोकरी त्याने यंत्रांच्या घरघरीत काढली आणि निवृत्त झाला तेव्हा शाल-नारळाबरोबर थोडा बहिरेपणाही घरी घेऊन आला. माणूस कामसू. त्याला रिकामं बसता येत नाही, आणि आमच्या घरातल्या निम्म्या भानगडींचं मूळ तेच आहे. तांब्यापितळेची भांडी घासायचं खातं त्याने आपणहून मागून घेतलं. चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन तो मागच्या अंगणात बसला की समया अशा लखलखतात की शेजारणी आपापल्या नवऱ्यांना दाखवायला घेऊन येतात. या कौतुकाने त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. जे पिवळं आहे आणि मळलेलं आहे, ते चिंचेत घालावं.

दागिन्यांचं खातं मात्र आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर जामखेडकडचं, शाळा दोन-तीन इयत्ता, पण दागिन्यांच्या बाबतीत शिस्त अशी की माझ्या वर्गात ती चौथ्या हिश्शाने असती तरी माझा घसा वाचला असता. सोन्याला रिठ्याचं कोमट पाणी आणि जुना मऊ ब्रश. खड्यांचा दागिना पाण्यात बुडवायचाच नाही, कारण जुन्या दागिन्यांत खड्यामागे लाख भरलेली असते, ती भिजली की खडा डुगडुगायला लागतो. ओलसर कपडा बोटाला गुंडाळून वरवर फिरवायचा, बस. आणि मोत्यांना तर साबण नाही, रिठा नाही, पावडर नाही. जुन्या धोतराचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा जेमतेम ओला करायचा, एकेक मोती पुसायचा, मग कोरडा कपडा, मग सावलीत पसरून ठेवायचं.

"मोती म्हंजी दगड न्हाई," त्या मला सांगायच्या. "जित्या जिवाच्या पोटातनं आलाय त्यो. त्याला घाम कळतो, अत्तर कळतं, समदं कळतं." म्हणून लग्नाला निघताना पावडर, अत्तर, गजरा सगळं आधी आणि मोती शेवटी. घरी परतल्यावर मात्र पाय धुवायच्याही आधी मोती उतरवायचे. डबीत ठेवताना प्लास्टिकची पिशवी चालायची नाही, कापूस चालायचा नाही. मलमलीची घडी आणि सोबत थोडे तांदूळ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं अती वाटायचं. आमच्या माहेरी मोती नव्हतेच, त्यामुळे त्यांचे नखरेही नव्हते.

हा सगळा थाट वर्षातून एकदा, भाद्रपदात व्हायचा. गौरींना आमच्याकडे लक्ष्म्या म्हणतात. थोरली आणि धाकटी अशा दोघी येतात, तीन दिवस राहतात आणि जातात. थोरलीच्या गळ्यात आत्याबाईंची चिंचपेटी असायची. बांधायच्या त्याच. गोंड्याची गाठ मारून दोन पावलं मागे सरकून बघायच्या आणि लक्ष्मीपेक्षा त्यांचाच चेहरा जास्त खुलायचा. ती चिंचपेटी सासऱ्यांनी आणलेली. लिंबाची बाग पहिल्यांदा लागली त्या वर्षी ते नगरला गेले होते पाण्याची मोटर आणायला, आणि मोटरीबरोबर ही घेऊन आले होते. घरात त्यावरून वर्षभर चेष्टा चालली होती म्हणे.

सासरे गेले आणि त्यानंतर पहिला भाद्रपद आला, तेव्हा आत्याबाईंनी दागिन्यांचा डबा माझ्या हातात दिला. "आता तू बघ," एवढंच म्हणाल्या. कुणी त्यांना काही बोललं नव्हतं. आमच्या घरात कुणाची तशी बोलायची हिंमत झाली असती तर मी त्याचं काय केलं असतं ते इथे लिहीत नाही. पण त्यांनी आपणहूनच हात काढून घेतला. लक्ष्म्यांना नेसवायला पुढे येईनात, पुरण शिजवत आत बसून राहायच्या. मग चांगली लुगडी भाच्यांना वाटून टाकली. मग लग्नाला जाणं बंद झालं. मग खाट मागच्या खोलीत नेली, तिथे उजेड कमी येतो म्हणून. जेवताना अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवायच्या. मला राग यायचा आणि राग आला की मी भांडी आपटते, पण या बाबतीत भांडी आपटून काही होत नव्हतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ही बाई कुणाला न सांगता, एकेक करून घरातून स्वतःला काढून घेत होती आणि एक दिवस काढायला काही उरणार नाही, अशी ती भीती होती.

दागिन्यांचीही तीच गत. डबा बँकेच्या लॉकरमध्ये गेला. वर्षातून एकदा बाहेर यायचा, लक्ष्म्यांच्या अंगावरून परत लॉकरमध्ये. मोती हळूहळू पिवळसर पडत चालले होते.

एका वर्षी डबा परत लॉकरमध्ये ठेवताना चिंचपेटीच्या गोंड्याचं रेशीम विरलेलं दिसलं. दागिने ओवून, गोंडे बांधून देणारे पटवेकरी नगरला आहेत, पण गणपतीच्या तोंडावर त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून पुढच्या वर्षी मी श्रावणातच ती लॉकरमधून काढून आणली आणि देवघरातल्या फळीवर ठेवली. शेजारचा मुलगा रात्री नगरला निघणार होता, त्याच्याकडे द्यायची होती. आणि त्याच दिवशी सोमवारच्या पूजेसाठी समयाही घासायच्या होत्या. मधल्या सुट्टीत मी घरी फोन लावला. माझ्या बाजूला शाळेची सगळी पोरं किंचाळत होती, त्याच्या बाजूला टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं.

"अहो, समया चिंचेत टाका," मी ओरडून सांगितलं, "आणि चिंचपेटी काढून ठेवा."

"बरं, टाकतो," तो म्हणाला. त्या 'टाकतो'वर मी तेव्हाच थांबायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात, पण घंटा झाली.

संध्याकाळी घरी आले तर हा दारातच उभा. चेहऱ्यावर बक्षीस मिळालेल्या पोराचा आनंद. "सगळं झालं," म्हणाला, "फक्त तुझी ती पेटी राहिली. फार जुना मळ आहे. घासली नाही अजून, मऊ व्हायला ठेवलीय." मला क्षणभर कळेना की काय मऊ व्हायला ठेवलंय. मग तो मला मागच्या अंगणात घेऊन गेला. प्लास्टिकच्या टबात गढूळ तांबडं पाणी, त्यात निरांजनं, पंचपाळं, तांब्या, आणि त्यांच्यामध्ये चिंचेच्या रेषांत अडकलेला लाल गोंडा.

मी किंचाळले. एरवी मी किंचाळते तेव्हा घरात कुणी मान वर करत नाही, पण हे निराळं असावं. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि आत्याबाई बाहेर आल्या. भिंत धरून चालणारी बाई, भिंत न धरता आली. टबात बघितलं मात्र, बांगडीचं नाव नसलेला हात कोपरापर्यंत आत घातला.

"सर बाजूला," मला म्हणाल्या. "साधं पानी आन. परातीत आन, बादलीत नगं, दिसाया पायजे. आन् तू," लेकाकडे वळून, "तू नुसता हुबा ऱ्हा. कशालाच हात लावू नगंस."

मी पाणी बदलत होते, त्या हलक्या हाताने चिंच काढत होत्या. पेटीपेटीच्या सांध्यात अडकलेली रेष नखाने नाही, पाण्याच्या धारेने. मग धोतराचा तुकडा मागितला. मी आणला तो खरखरीत निघाला, तो फेकून दिला. स्वतः उठल्या, आपल्या ट्रंकेतून दुसरा काढून आणला. तो त्यांनी जपून ठेवला होता हे मला माहीत नव्हतं. त्या एकेक मोती टिपत होत्या आणि नवरा तुळशीपाशी उभा राहून सांगत होता, "तूच म्हणालीस, समया चिंचेत टाका आणि चिंचपेटीही. आणि नावातच चिंच आहे, मला वाटलं त्यासाठीच असेल." मी त्याच्याकडे बघितलं. तो तुळशीची वाळलेली पानं खुडायला लागला.

वाळल्यावर दिसलं. सोनं तर झकास उजळलं होतं, ते कशाला नाही म्हणेल? पण मोत्यांवरचं पाणी उतरलं होतं. वर्गातल्या खडूसारखे पांढुरके, कोरडे दिसत होते. एक लाल खडा बोट लावला की हलत होता. आत्याबाईंनी लेकाला शब्दाने दुखवलं नाही. चिंचपेटी मांडीवर घेऊन बसल्या आणि मग रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हा घर भरलेलं होतं, बायका गळ्यात पडत होत्या, तेव्हा त्या रडल्या होत्या, ते चारचौघांतलं रडणं होतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं. "मोटर आनायला गेल्तं मानूस," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. मी शेजारी बसून राहिले.

पुण्याहून लेकीचा फोन आला. तिने तेवढ्या वेळात मोबाईलवर शोधून काढलं होतं की बेकिंग सोडा लावा. मी म्हटलं, आम्हाला ढोकळा करायचा नाहीये. फोन ठेवला.

नगरला मीच जाणार होते. पण सकाळी बघते तर आत्याबाई चप्पल घालून तयार. "माझी मी आनते," म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या एसटीत बसत होत्या. चिंचपेटी त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवली होती आणि वाटभर त्यावर हात होता. पटवेकऱ्याने रेशीम बदललं, सराफाने खडा पक्का केला. मोती त्याने उजेडात धरून पाहिले. "गेलेलं तेज येत नाही, आजी," तो म्हणाला. "काही चोळू नका, काही लावू नका. पण बंद करूनही ठेवू नका. कुणाच्यातरी अंगावर राहू द्या, बरे दिसतील. कपाटात मोती मरतात."

"ही घालील की," आत्याबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी?" म्हटलं, "चिंचपेटी घालून वर्गात गेले तर पोरं तास होऊ देतील? तुमची आहे, तुम्ही घाला."

त्यांनी चिंचपेटी उचलून कमरेच्या पिशवीत घातली. परतीच्या एसटीत आमचं भांडण झालं, कुजबुजत, कारण पुढच्या सीटवर गावातली माणसं होती.

"माझ्यासारखीनं?" त्या म्हणाल्या. "लोक तोंडात शेन घालतील."

"लोक काय घालायचं ते घालतील. तुम्हाला नटायला कोण सांगतंय? मोत्यांसाठी घाला. औषध समजा. घरातल्या घरात, पदराखाली."

"पदराखाली," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. स्वतःसाठी ही बाई घोटभर चहा मागणार नाही, पण दुसऱ्या जिवासाठी उठून उभी राहील, हे मला चांगलं माहीत होतं. मी ते वापरलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. "बांध," म्हणाल्या. "लई आवळू नगं."

तेव्हापासून नवऱ्याला नवं काम मिळालं. रोज सकाळी चष्मा लावून तो आईच्या गळ्याशी वाकायचा आणि जाहीर करायचा, "आज फरक वाटतोय." मला मोत्यांत काडीचा फरक दिसत नव्हता. दिसत होतं ते निराळंच. चुलीपाशी घाम येतो म्हणून आत्याबाई अधूनमधून उठून वाऱ्याला, पुढच्या ओट्यावर यायला लागल्या. लुगड्याचा जाड काठ मोत्यांना घासतो म्हणून त्यांनी ट्रंकेच्या तळाशी राहिलेलं एक मऊ लुगडं काढलं. दिवे लागायच्या आधी चिंचपेटी उतरवून पुसायला उजेड हवा म्हणून खाट परत मधल्या खोलीत आली. एक दिवस मला म्हणाल्या, "ह्या खोलीत आरसा न्हाई व्हय गं एखादा? गोंडा सरळ हाय का तिरका ते कळत न्हाई." मी हातातलं काम टाकून उठले. खिळा ठोकून आरसा लावला. पण कुणी दारात आलं की पदर गळ्याभोवती घट्ट व्हायचाच. हळदीकुंकवाला बायका येणार हे आठवलं की त्यांचा चेहरा पडायचा. भाद्रपदात ही चिंचपेटी थोरलीच्या गळ्यात जाईल, तिथून डब्यात, आणि तिच्याबरोबर या बाईही पुन्हा मागच्या खोलीत जातील, असं मला सारखं वाटत होतं.

लक्ष्म्या आल्या. पूजनाच्या दिवशी मी दोघींना नेसवलं, मुखवटे बसवले, धाकटीला माझा हार घातला. थोरलीचा गळा मोकळा होता. आता आत जाऊन मागायची. मला पक्कं माहीत होतं की आत्याबाई म्हणणार, माझ्या गळ्यात राहिलेली लक्ष्मीला कशी चालेल. ती वेळ आली तर असावी म्हणून बाजारातून खोट्या मोत्यांची एक चिंचपेटी आणून ठेवली होती खरी, पण ती बाहेर काढायची नाही असं मी ठरवलं होतं. मी आठवडाभर मनात भाषण घोकत होते. कुठल्या पोथीत लिहिलंय, लक्ष्मी काय बाई नाही का, सगळं तोंडपाठ.

आत्याबाई पुरणयंत्र फिरवत होत्या. "चिंचपेटी द्या," मी म्हटलं, "थोरलीला घालायचीय."

त्यांनी पुरणाचा हात तसाच गळ्यावर ठेवला. मोत्यांना पुरण लागतंय हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. "न्हाई द्यायची," म्हणाल्या.

मी सुरूच झाले. "आत्याबाई, तुमच्या गळ्यातली चालत नाही असं कुठल्या पोथीत..."

"आगं, न चालायला काय झालं? चालंल की," त्या म्हणाल्या. "पन मी देत न्हाई. तिला ती बाजारातली घाल, फळीवर ठिवलीस ती. मी बघितलीय."

मला पुढचं भाषण आठवेना.

"ती उद्या जानार हाय," पुरणयंत्राचा दांडा पुन्हा हातात घेत त्या म्हणाल्या, "मला ऱ्हायाचं हाय अजून."

मी बाहेर आले आणि थोरलीच्या गळ्यात बाजारातली चिंचपेटी बांधायला लागले. गाठ काही केल्या बसेना, कारण डोळ्यांतल्या पाण्याने मला गोंडाच दिसत नव्हता.